प्रश्न क्रमांक बेचाळीस

विडी घरकुलात, खडूने एकशे सतरा लिहिलेल्या दारात
मी टॅब्लेट उघडला तेव्हा
चार्ज छत्तीस टक्के, ऊन त्रेचाळीस.

संमतीपत्र वाचून दाखवलं.
नरसव्वा चिट्यालने मान हलवली, हात हलतच होते.
मांडीवर सूप, सुपात जर्दा.
फर्मा ठेवून कापलेलं पान, चिमूट, वळण,
दोऱ्याचे दोन वेढे, नखाने दुमडलेलं तोंड.
माझा एक प्रश्न लोड होईपर्यंत तिची एक विडी.

वय? "छप्पन असंल."
शौचालय, गॅस, साखर, बीपी.
नळाला पाणी किती दिवसांनी?
"पाच."
पर्याय होते रोज, एक दिवसाआड, इतर.
इतर.

मग बेचाळीसावा:
आपण तंबाखूचं कोणत्याही स्वरूपात सेवन करता का?

हात थांबले.
"काय विचारालाव ओ बाई?
आमच्या घरात बायका ओढत नाहीत.
मशेरीसुद्धा नाही. मार्कंडेयाची शपथ."

मी 'नाही' दाबलं.
टॅब्लेटने सहा प्रश्न गिळले
आणि एकोणपन्नासवर नेऊन सोडलं:
आठवड्यातून किती वेळा फळं खाता?

झोळीत नात शिंकली.
तिकडे न बघता नरसव्वा म्हणाली, "चिरंजीव."
परत शिंकली. "चिरंजीव."
मी नियमाप्रमाणे बावीस मिनिटं बसले.
घरी आल्यावर ओढणी दोनदा धुतली,
मग दोरीवरून काढून पुन्हा हुंगली.

शेवटी 'शेरा' नावाचा चौकोन असतो, शंभर अक्षरांचा.
लिहिलं: सेवन नाही, पण दिवसभर मांडीवर असतो. श्वास त्यातूनच.
गायधनकर सरांनी तो फॉर्म परत पाठवला.
शेऱ्याला कोड नसतो, मॅडम.
कारखान्यातला चेकर सैल विड्या बाजूला काढतो,
त्याला नरसव्वा छाट म्हणते.
छाटीचे पैसे मिळत नाहीत. पान मात्र तिचंच गेलेलं असतं.

दिवाळीनंतर हॉटेलच्या थंड हॉलमध्ये
भिंतीवर आमचं शहर पडलं, प्रभाग प्रभाग रंगवलेलं.
स्त्रियांमधील तंबाखू: आमचा पट्टा हिरवागार.
पुण्याहून आलेल्या बाई म्हणाल्या, उत्साहवर्धक आहे.
कोणीतरी शेंगाचटणीची पाकिटं वाटली.
मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

त्या रविवारी टॅब्लेट घरी ठेवून गेले.
तिने गोणपाट सरकवलं, मी बसले,
आणि गिळलेले सहा एकेक करून विचारले.

किती वर्षांपासून?
"न्हाणं यायच्या आधीपासून."

दिवसाला किती?
"हजार. डोळा दुखला तर आठशे."

घरात आणखी कोणी?
"सुनेचं कार्ड झालंय आता."

डॉक्टरांनी कधी विचारलं?
"विचारलं की. ओढता का म्हणून."

सोडायचा प्रयत्न केलात?
ती इतकी हसली की खोकला आला,
खोकला बराच वेळ राहिला,
मी तांब्यातलं पाणी दिलं, पाचव्या दिवसाचं, तळातलं.
"एकदा. टॉवेलच्या कारखान्यात गेलते, काठ शिवायला.
त्यो बंद पडला."

अठ्ठेचाळीसावा असा आहे:
सकाळी उठल्यावर पहिली किती मिनिटांनी?
सवय किती खोल गेलीय ते यावरून कळतं,
असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.

"नळाचा दिवस असला तर पाणी भरून."
आणि बाकीचे चार?

तिने पंचविसावी कट्ट्यात सरकवली,
"इरवै ऐदु" म्हणत दोरा आवळला, दाताने तोडला.
"बाकीचे चार दिवस
जागी होऊन बघते, तर हातात पान असतंयच."